डबल बेल

आप्पांना कुणी किती वाजले म्हणून विचारलं, की ते मनगटाकडे न बघता उलट विचारत, "कोणती गाडी?" निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी घड्याळ गाडीखेरीज आणखी कशासाठी बघतात, हे त्यांना पटतच नसे. मी लोणखेड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी माझी चौकशी केली ती अशी : गाव कोणतं, तिथं दिवसाला गाड्या किती, आणि मुक्कामी गाडी आहे का. मी विसरवाडीची म्हटल्यावर त्यांची मुद्रा खुलली. हायवेवरचं गाव म्हणजे त्यांच्या दृष्टीनं खानदानी गाव. आमच्या घराण्याची तेवढी एकच चौकशी त्यांना पुरली.

आधी पुष्कळ वर्षं एस.टी.त कंडक्टर, मग शहाद्याच्या स्टँडवर कंट्रोलर. खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल. लाल फक्त उशिरा आलेल्या गाडीसाठी. इस्त्रीचा पांढरा शर्ट घरीसुद्धा. बोलणं मोजकं, आणि रागावले तर त्याहून मोजकं. "पाच मिनिट उशीर माफ शे," ते म्हणत, "पन गाडी पाच मिनिट लवकर सोडनी, तो गुन्हा शे. जो टाइमवर येस, त्यानी गाडी चुकस." मला कॉलेजात पोचायला रोज पाच मिनिटं उशीर व्हायचा, त्यामुळे हे वाक्य मला फार आवडायचं.

त्यांची बायको जिजी. खरं नाव कधी कुणी घेतलं नाही. आप्पा तिला 'रत्नानी माय' म्हणत. रत्ना ही त्यांची एकुलती मुलगी, लग्न होऊन सुरतेला दिलेली. जिजी हसरी, चावट, आणि नवऱ्याच्या वेळापत्रकाला उभ्या आयुष्यात एकदाही न घाबरलेली बाई. तिचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा सगळ्यांनी म्हातारपणावर ढकललं. मग पावलं आखूड झाली, अक्षर बारीक झालं, चेहऱ्यावरचं हसू आत कुठंतरी राहून जायला लागलं. सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. पार्किन्सन.

त्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती आप्पांच्या काळजात जाऊन बसली. हा आजार एकट्या डॉक्टरचा नव्हे. गोळीवाला, व्यायामवाला, आवाजाकडे बघणारा, खाण्यापिण्याकडे बघणारा आणि घरची माणसं, सगळ्यांनी मिळून एकत्र काम केलं तर माणूस वर्षानुवर्षं चालता-बोलता राहतो. आप्पा परत आले ते उत्साहात. बायकोला न बरा होणारा आजार झालाय, असं त्यांच्याकडे बघून वाटत नव्हतं. मला म्हणाले, "बेटा, डॉक्टर इतलं लांबड लाई ऱ्हायना व्हता. सरळ सांगानं ना, डेपो चालावना शे म्हनीसन."

आणि त्यांनी डेपो काढला. ओट्याच्या भिंतीवर काळा फळा टांगला. त्यावर ड्युट्या. मंगळवार-शुक्रवार व्यायामाला वसावे मॅडम. त्या शहाद्याला फिजिओथेरपीचं काम करायच्या; मूळच्या मोलगीकडच्या. त्यांच्या गावची मुक्कामी गाडी पावसाळ्यात कुठं अडायची हे आप्पांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि त्या मुलीनं तेव्हापासून या घराला कधी नाही म्हटलं नाही. सुरतेची फाइल रत्नाकडे. गोळ्यांच्या पाच वेळा : सहा, साडेनऊ, एक, साडेचार, आठ. साडेचारला आप्पा बाजारात जात, म्हणून ती माझी ड्युटी. ड्युटीच्या वेळी मी 'मॅडम', एरवी 'बेटा'. फळ्यावर सगळ्यांत वर जिजीचं नाव होतं, आणि त्यापुढे लिहिलं होतं : चालक.

जिजीनं ते वाचलं आणि म्हणाली, "चालक मी, आनि ब्रेक तुमना हातमा."

गोळ्या ठेवायला त्यांनी आपली कंडक्टरकीतली पत्र्याची तिकीटपेटी काढली. तिकिटांच्या गठ्ठ्यांसाठी जे खण असतात, त्यांत पाच वेळच्या गोळ्या. प्रत्येक वेळ म्हणजे एक फेरी. शेजारी लॉगशीट. गोळी पोटात जाऊन हातपाय सुटले की 'गाडी चालू', गोळीचा अंमल उतरून अंग आखडलं की 'ब्रेकडाउन'. आप्पांना साध्य करायचं होतं ते एकच. संध्याकाळी पाचच्या चहाला जिजीनं आतल्या खोलीतून आपल्या पायांनी ओट्यावर यायचं आणि कप आपल्या हातानं धरायचा. बस्स. ती ओट्यावर येते तोवर गाडी चालू आहे, असं ते समजत. बाकी हात थरथरतो का, सांडतं का, याचं त्यांना काही वाटत नसे.

पहिली चूक मी केली. आमच्या घरी गोळी कोरडी देत नाहीत, दुधासोबत देतात. नाहीतर ती पोटात 'लागते'. मी मोठ्या प्रेमानं साडेचारची गोळी जिजीला पेलाभर दुधाबरोबर दिली. पाच वाजता ती बाजेवरून उठेचना. दुधाडाळीसोबत ही गोळी अंगी लागत नाही, खाण्याच्या अर्धा तास आधी नुसत्या पाण्यासोबत द्यायची असते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि फळ्यावरही लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. आप्पा बाजारातून आले, बघितलं. लाल पेन काढून लॉगशीटवर लिहिलं : 'साडेचारची फेरी रद्द. कारण : दूध.' त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

या आजारात पाय जमिनीला चिकटतात. माणूस चालता चालता दारात येतो आणि तिथंच खिळतो. चालायची इच्छा असते, पाऊल उचलत नाही. जिजी मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी हटकून अडायची. आप्पा हात धरून ओढायचे, ती पुढं झुकायची, दोघंही पडायच्या बेतात. वसावे मॅडमनी त्यांना दटावलं : ओढू नका, तिला ताल द्या, जमिनीवर रेघा द्या, मेंदूला दुसरा रस्ता दाखवा. आप्पांनी दुसऱ्या दिवशी ऑइलपेंटनं आतल्या खोलीपासून ओट्यापर्यंत पांढऱ्या रेघा मारल्या. चौदा. नववी रेघ उंबऱ्यावर. रेघांनी बरंच जमलं, पण नववीशी घोडं पेंड खायचंच. टाळ्या वाजवल्या, एक-दोन म्हटलं, मी तर गाणंही म्हणून बघितलं.

एक दिवस ती अशीच अडली असताना आप्पांनी शेजारचा स्टीलचा पेला उचलला आणि चमच्यानं दोनदा वाजवला. टिंग टिंग. कंडक्टरची डबल बेल. तीस वर्षं नवऱ्याच्या गाडीत बसून ही बाई देवाला, माहेराला, सोयऱ्याधायऱ्यांकडे गेलेली. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तिचं पाऊल उचललं. उंबरा ओलांडून ती पलीकडे गेली, चौदावी रेघ गाठली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आते तिकीट बी फाडा माले."

आप्पांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वसावे मॅडम दुसऱ्या पेशंटांना ही गोष्ट सांगायच्या. आमच्यात ज्याची ड्युटी असेल त्याला डबल बेल देता यायलाच हवी, असा नियम झाला.

मग आवाजाचं. जिजीचा आवाज बारीक होत चालला होता. रोज मोठ्यानं बोलायचा सराव हवा होता. ते शिकवणारं माणूस आमच्या भागात कुठून मिळणार? आप्पांनी वहीत दहा घोषणा लिहून दिल्या. चहा झाला की जिजी ओट्यावरून, पोटातून जोर काढून, रस्त्याकडे बघत म्हणायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. प्रकाशामार्गे नंदुरबारला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." अहिराणीखेरीज न बोलणारी बाई ही शुद्ध भाषा बोलली की गल्ली गोळा व्हायची. एकदा पिशवी घेतलेला एक परका म्हातारा थांबला आणि ती गाडी अजून आहे का, असं काकुळतीनं विचारू लागला. आप्पांनी लगेच खरं वेळापत्रक सांगून त्याला रिक्षात बसवून दिलं. जिजी पुढं आठवडाभर म्हणत होती, की तिची नोकरी पक्की झाली.

अशी दोन वर्षं गेली. मला ती फार चांगली वाटतात.

मध्ये एकदा रत्ना बाळंतपणात अडकली, म्हणून सुरतेच्या तपासणीला मी दोघांबरोबर गेले. परत येताना गाडी माझ्याच गावाला, विसरवाडीला चहाला थांबली. दहा मिनिटांचा चहा अर्ध्या तासावर गेला. जिजीचं अंग आखडत चाललेलं, लोक कुरकुरायला लागले. ड्रायव्हर आप्पांच्या हाताखाली वाढलेला. थोड्या वेळापूर्वीच येऊन पाया पडून गेला होता. मी म्हटलं, आप्पा, एक शब्द बोला त्याला. आप्पांनी मान हलवली. "गाडी त्यानी शे, बेटा. मी आज पशिंजर शे." आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिले. ज्याच्या हद्दीत गाडी, त्याचा हुकूम. शहाद्याची गाडी नंदुरबारच्या फलाटावर लागली की शहाद्याच्या कंट्रोलरनं तोंड उघडायचं नाही. असे सगळेच हुकूम द्यायला लागले तर गाड्या एकमेकांवर आदळतील, असं ते म्हणाले. शिस्तीचा नमुना म्हणून मी ही हकिकत कॉलेजात चार जणांना सांगितली. तेव्हा मला त्यांचं कौतुकच वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात जिजीला ताप भरला. लघवीचा संसर्ग होता, अंगात ग्लानी. एका मोठ्या दवाखान्यात भरती केलं. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना फार थांबू देत नसत, म्हणून मी रजा टाकून सोबत राहिले. आप्पांनी भरतीच्या वेळी पाचही फेऱ्यांचं लॉगशीट नवीन कागदावर उतरवून दिलं. ड्युटीवरच्या सिस्टरनं ते फाइलमध्ये मागं लावलं आणि घरच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, जे द्यायचं ते इथूनच देऊ, असं सांगितलं. नियमच तसा होता. तापाची सलाइन लगेच सुरू झाली. कंपवाताची गोळी मात्र त्यांच्या दुकानात नव्हती. उद्या येईल म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी साडेचार झाले. आप्पा भेटायच्या वेळेला आले होते. जिजीच्या कॉटशी स्टुलावर बसले होते. पत्र्याची पेटी त्यांच्या पिशवीत होती. मला तिचा कोपरा दिसत होता. जिजीनं डोळे उघडले, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "टाइम व्हई गया."

"हा, व्हई गया," आप्पा म्हणाले. "आते देतीन."

मी त्यांना बाहेर नेलं. म्हटलं, आप्पा, द्या गोळी, कुणी बघत नाही. ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी विनातिकीट सापडले आहे. "दुसराना डेपोमा आपला हुकूम चालस नही, मॅडम." मला त्यांनी मॅडम म्हटलं. मीही मग गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही त्या पांढऱ्या कोटांची भीती वाटत होती, आणि आप्पांनी नाही म्हटल्यावर माझी सुटका झाल्यासारखं झालं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आप्पा सिस्टरकडे तीनदा गेले. दर वेळी हात जोडून. आवाज न चढवता. दर वेळी त्यांना सांगितलं गेलं की डॉक्टरांना कळवलंय. दुसऱ्या दिवशी गोळी आली, तीही सगळ्यांसारखी तीन वेळा, जेवणानंतर, दुधासोबत. त्या बाईंचं तरी काय चुकलं? वॉर्ड भरलेला, आणि त्यांच्या कागदावर ताप हाच आजार होता. ताप उतरतही होता. जिजी मात्र लाकूड होत चालली. मान वळेना, ओठ उघडेनात. मी दुसऱ्या दिवशी पेज भरवली, ती गिळता गिळता तिला जोराचा ठसका लागला आणि मग छातीत घरघर सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार. ड्युटी म्हणून वसावे मॅडम शहाद्याहून दवाखान्यात आल्या. जिजीचा हात उचलून बघितला, मला विचारलं शेवटची वेळेवरची गोळी कधी, आणि मी सांगितल्यावर तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. मोलगीकडची ती बारकीशी मुलगी, पण तिचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता. डॉक्टर भला माणूस. ताबडतोब आला, फाइल उलटीपालटी केली, मागचं लॉगशीट वाचलं. लगेच नळी घालून गोळ्या वेळेवर सुरू केल्या, सुरतेला फोन लावला. मग आप्पांना म्हणाला, "काका, इतकं सगळं तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही भांडला का नाहीत?"

आप्पांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

वीस दिवसांनी जिजी घरी आली. ताप गेला होता, फुप्फुसं सावरली होती, कागदावर तब्येत सुधारल्याचं लिहिलं होतं. नाकातली नळी राहिली. पाय गेले. आवाजही गेला. सुरतेच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवून बघितल्या, कमी करून बघितल्या. आता गेलेलं फारसं परत येणार नाही, असं त्यांनी रत्नाला सांगितलं आणि रत्नानं मला. आप्पांना कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

त्यानंतर माझं लग्न झालं आणि मी प्रकाशा या गावी राहायला आले. कॉलेजला रोज लोणखेड्याला जाते, आप्पांचं घर वाटेपासून दोन गल्ल्या आत. तरी आठवड्यावरून महिना, महिन्यावरून दोन महिने असं झालं. वेळ मिळत नाही, असं मी सासरी सांगायची. वेळ होता.

मागच्या पौषात गेले तेव्हा चार वाजून गेले होते. फळा जागेवर होता. सगळ्यांत वर जिजीचं नाव, पुढं चालक. साडेचारच्या ओळीत माझं नावही अजून पुसलेलं नव्हतं. आप्पांचा शर्ट पांढरा, इस्त्रीचा. खिशाला निळं पेन होतं, लाल नव्हतं. जिजी आतल्या खोलीत कॉटवर, अंगावर गोधडी, मान दाराकडे वळवून ठेवलेली. जमिनीवरच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण दिसत होत्या.

साडेचारला आप्पांनी गोळी खलात कुटली, पाण्यात विरघळवली, नळीतून सोडली. एका मिनिटाचा फरक नाही. लॉगशीट भरलं. मग तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "तिनी सांगं व्हतं माले. टाइम व्हई गया म्हनीसन. तिनी सोता सांगं व्हतं."

मी म्हटलं, आप्पा, मीही होते तिथं.

ते उठले, पेला आणि चमचा घेतला. "देख बेटा," म्हणाले, आणि दोनदा वाजवला. टिंग टिंग.

गोधडीखाली जिजीचा उजवा पाय हलला. मग डावा. मग पुन्हा उजवा. बोटाबोटानं, पण हलत होते. तिचे डोळे दारावर लागले होते. ती चालायला लागली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, आप्पा, तिला समजतंय.

"सगळं समजस तिले," आप्पा म्हणाले. "डबल दिधी का निंघस. आते कोठे लई जाऊ मी तिले?"

ते ओठांनी मोजत होते. मीही मोजू लागले. सहा. सात. आठ. नऊ. आणि पाय थांबले.

उंबरा आला होता. आप्पांनी डबल बेल दिली. पाय हलले नाहीत. त्यांनी पुन्हा दिली, जरा जोरानं. जिजी दाराकडे बघत होती. तिसऱ्यांदा दिली. ते तसेच उभे राहिले, पेला कानाजवळ धरल्यासारखा वर धरून.

मग त्यांनी चमचा एकदाच वाजवला. थांबलेल्या गाडीला त्यांनी थांबायची बेल दिली, आणि निळं पेन काढून चहाचे पाच वाजायची वाट बघत बसले.